साताऱ्यातल्या प्लेगवर संशोधन करायचं, तर लंडनला जावंच लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यात इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला 1897 ते 1905 या काळातल्या प्लेगवर पीएच.डी. करायची आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं, वसाहतकाळाची खरी कागदपत्रं लंडनमध्ये आहेत, तिथे गेल्याशिवाय प्रबंधाला वजन येणार नाही. सहकारी म्हणतात, परदेशी विद्यापीठांनी सगळं स्कॅन करून टाकलंय, घरबसल्या काम होईल. रजा आणि पैसा दोन्ही मोजकंच. मग सुरुवात कुठून करावी?

मॅडम, दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. तुमच्या विषयापुरता क्रम मी असा लावेन: आधी मुंबई, मग तुमचा स्वतःचा तालुका, मग बोस्टनजवळचं हार्वर्ड (तेही पत्रव्यवहाराने), आणि लंडन सगळ्यात शेवटी. का ते सांगतो.

इंग्रजी अमदानीत कागद कसा फिरायचा हे डोळ्यासमोर आणा. गावात प्लेग लागला की पाटील-कुळकर्ण्यांकडून खबर मामलेदाराकडे, तिथून कलेक्टरकडे, कलेक्टरकडून पुण्याच्या कमिशनरकडे, आणि मग मुंबईच्या सचिवालयात जनरल डिपार्टमेंटकडे. तिथे टिपणं व्हायची, ठराव निघायचा. त्यातला महत्त्वाचा वाटलेला भाग प्रोसिडिंग्ज म्हणून छापला जायचा आणि त्याची प्रत लंडनच्या इंडिया ऑफिसला रवाना व्हायची. प्रत्येक टप्प्यावर मजकूर आटत गेला. लंडनला पोचला तो अर्क, चोथा इथेच राहिला. आणि सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला चोथाच लागतो: मूळ अर्ज, समासातले शेरे, खोडलेला मसुदा, मंजूर न झालेली मागणी.

हा चोथा मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात आहे. या दफ्तरखान्याची सुरुवात 1821ची. तुम्हाला हवेत ते जनरल डिपार्टमेंटचे प्लेगचे खंड. तिथली भाषा आधीच माहीत असलेली बरी. एका वर्षाचे एका खात्याचे कागद विषयवार बांधलेले असतात. त्या प्रत्येक विषयाच्या जुडग्याला ‘कंपायलेशन’ म्हणतात आणि अशी अनेक कंपायलेशन्स एका जाडजूड खंडात शिवलेली असतात. मागणीपत्रावर खातं, वर्ष, खंड आणि कंपायलेशन क्रमांक लिहावा लागतो. म्हणून पहिले काही दिवस एकही खंड न मागवता फक्त वर्षवार सूच्या वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. प्लेगचे कागद फक्त ‘प्लेग’खाली सापडतील असं समजू नका. रेल्वेवरची तपासणी, म्युनिसिपालटीला दिलेलं कर्ज, यात्रेवरची बंदी, मुलकी नोकरांची बढती, हे सगळं वेगवेगळ्या मथळ्यांखाली जातं. ज्युडिशियल आणि रेव्हेन्यू या दोन खात्यांच्या सूच्याही चाळाव्याच लागतील.

ज्युडिशियलचं नाव काढलं त्याला खास साताऱ्याचं कारण आहे. पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हा तुमच्या जिल्ह्याला प्लेगच्या आधीपासून ठाऊक होता. तो साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता, आणि 1894 मध्ये मशिदीवरून वाजतगाजत जाण्याच्या वादात वाईच्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडणारा तो हाच. 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली, ती तो गव्हर्नमेंट हाउसमधल्या समारंभातून परतत असताना. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. ज्या सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गेल्या, त्यांचं नाव आता त्या वास्तूवर आहे. पुण्यातला प्लेग सगळे इथूनच सुरू करतात. तुम्ही वाईपासून सुरू केलंत तर रँडची कथा वेगळी दिसेल, आणि ते कागद 1894च्या खंडांत असतील, 1897च्या नाही.

छापील अहवाल मात्र घरी बसून वाचा, त्यासाठी मुंबईचा दिवस खर्च करू नका. मुंबई शहरातल्या साथीवरचा गॅटेकरचा अहवाल, इलाख्यातल्या पहिल्या काही महिन्यांवरचा काउचमनचा, जून 1899 पर्यंतचा हिशेब देणारा काँडनचा आणि 1898-99च्या इंडियन प्लेग कमिशनचे पाच खंड. कमिशनच्या खंडांतला निष्कर्षाचा भाग डॉक्टरांसाठी सोडा आणि साक्षी वाचा. प्रश्न कोणते विचारले, कोणाला विचारलेच नाहीत, हे तिथे कळतं. यातलं बरंचसं इंटरनेट आर्काइव्हवर आणि लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचा मोठा संग्रह खुला केलाय, तोही पाहा. भारत सरकारच्या गृहखात्यातल्या सॅनिटरी शाखेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर शोधता येतात. तिथे शोधताना गावांची जुनी स्पेलिंग्ज वापरून बघा. आजच्या स्पेलिंगने काही निघालं नाही म्हणजे काही नाहीच, असं नसतं.

आता वृत्तपत्रं. इथे थोडं थांबायला हवं, कारण साताऱ्याच्या बाबतीत सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात फसवं साधन हेच आहे.

1860च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई सरकार दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल छापत असे. देशी पत्रांत काय आलं त्याचा इंग्रजी गोषवारा, ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतून तयार झालेला. त्याच्या प्रती मुंबईच्या पुराभिलेखागारातही आहेत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही. या अहवालांना पत्रांची यादी जोडलेली असे, आणि ती यादी मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो: पत्राचं नाव, गाव, दैनिक की साप्ताहिक, खप, आणि संपादकाचं नाव, त्याची जात आणि वय. सरकारला मजकुराइतकीच माणसाची जात महत्त्वाची वाटत होती, हे सांगायला वेगळा पुरावा नको. तुमच्या जिल्ह्यातली छोटी पत्रं, ज्यांचे अंक आज कुठेच नाहीत, ती निदान नावानिशी आणि खपानिशी इथे भेटतील. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’चे मूळ अंक फारच थोडे उरलेत. त्याच्याबद्दल आपण आज जे ठामपणे बोलतो, त्यातलं पुष्कळसं या सरकारी गोषवाऱ्यांतून आलंय.

फसवं कसं? भाषांतरकाराने वेचलं ते सरकारच्या कामाचं. घराच्या झडत्या, सोल्जरांची वागणूक, राजद्रोहाचा वास येणारी वाक्यं. त्याच अंकात धान्याचे भाव, वैद्यांच्या औषधांच्या जाहिराती, गाव सोडून माळावर झोपड्या कशा बांधाव्यात याची चर्चा असेल, तर ती गाळली गेली. नुसते अहवाल वाचले तर 1897 साली मराठी पत्रकार झडत्यांखेरीज काही लिहीतच नव्हते असं वाटेल. म्हणून ज्याचे अंक शाबूत आहेत असं किमान एक पत्र मुळातून वाचून गोषवाऱ्याशी ताडून बघाच. ‘केसरी’ त्यासाठी सोयीचा, पुण्यात केसरीवाड्यातल्या ग्रंथशाळेत त्याच्या फायली आहेत. एकाच आठवड्याचा मूळ अंक आणि सरकारी गोषवारा शेजारी ठेवून वाचलात की काय वगळलं जातं याचा अंदाज येतो, आणि मग ज्यांचे अंक हरवलेत त्यांच्याबाबतही जपून लिहिता येतं.

‘प्रतोद’ मात्र विसरू नका. इस्लामपूरचं हे छोटं पत्र. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, दक्षिण सातारा (आजचा सांगली जिल्हा) वेगळा झाला तो 1949 साली. टिळकांवर खटला झाला त्याच 1897 मध्ये ‘प्रतोद’च्या संपादकावरही राजद्रोहाचा खटला चालला. दोन्ही निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या 22व्या खंडात आहेत, आणि तो खंड कुठल्याही जुन्या लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात धूळ खात असतो. टिळकांच्या खटल्यावर कपाटं भरतील एवढं लिहून झालंय. इस्लामपूरकडे फारसं कोणी वळलेलं नाही.

वाईचं लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालय, साताऱ्याचं नगरवाचनालय अशा जुन्या वाचनालयांत चौकशी करा, पण कॅटलॉगवर विसंबू नका. जुन्या फायली बऱ्याचदा ‘इतर’ किंवा ‘जीर्ण’ अशा शेऱ्याखाली माळ्यावर असतात. ग्रंथपालांशी बसून चहा घेतल्याशिवाय त्या खाली येत नाहीत. छापील मराठी पुस्तकं कोणती शोधायची यासाठी शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची घ्या. पहिला भाग 1800 ते 1937 या काळातला आहे, म्हणजे तुमचा काळ पूर्ण येतो. प्लेगवरच्या छोट्या पुस्तिका, आरोग्याचे उपदेश, पोवाडे कुठल्या छापखान्यातून निघाले ते त्यातून कळेल. मग प्रत शोधायची.

तालुक्याचं साधन म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना 14, गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षं न उघडलेली ही बुकं बाहेर निघाली. बऱ्याच ठिकाणी स्कॅनही झाली. सगळ्यांनी त्यात जातीचा रकाना पाहिला. तुम्ही मृत्यूच्या कारणाचा रकाना पाहा.

त्या रकान्यात ‘प्लेग’ किंवा ‘गाठ’ फार वेळा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्लेग लिहिला की घराची झडती, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्प, सामानाची जाळपोळ. त्यामुळे लोक मृत्यू लपवत आणि लिहिणाराही गावचाच असल्याने ‘ताप’ लिहून मोकळा होई. उपाय एकच: कारण बाजूला ठेवून महिन्याचे एकूण मृत्यू मोजा, आणि तेच महिने आधीच्या पाच-सहा वर्षांशी ताडा. त्यातही सावधगिरी हवी, कारण 1896-97 हे दुष्काळाचं साल आहे आणि 1899-1900चाही दुष्काळ मधे येतो. दुष्काळात लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त जातात, प्लेगमध्ये घरातली कर्ती माणसंही एकापाठोपाठ जातात. एकाच घरातल्या तीन नोंदी आठ-दहा दिवसांत आल्या असतील आणि त्यात तरणीताठी माणसं असतील, तर ‘ताप’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. अशी पाच-सहा गावं नीट मोजलीत तर ती कमिशनच्या पाच खंडांच्या बरोबरीने बोलतील.

या नोंदी मोडीत असतील. मोडी येत नसेल तर आत्ताच वर्ग लावा. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात शिकवतात, पुराभिलेख खात्याचेही वर्ग असतात. तुमचं काम पेशवाईतल्या मोडीपेक्षा सोपं आहे. तारखा बहुतेक इंग्रजी, त्यामुळे सुहूर सनाची, म्हणजे जुन्या कागदांतल्या कालगणनेची, भानगड नाही, आणि रकाने छापील असल्याने कुठे काय लिहिलंय हे आधीच माहीत असतं. अडचण येते ती आडनावांशी आणि घाईत लिहिलेल्या कारणांशी. पैसे देऊन लिप्यंतर करून घेता येतं, पण निदान एक गाव स्वतः वाचाच, म्हणजे दुसऱ्याच्या वाचनातली चूक पकडता येईल.

पुण्याच्या पेशवे दफ्तराबद्दलही बऱ्याच जणांनी तुम्हाला सांगितलं असेल. तुमच्या विषयाला ते लागत नाही, त्यात अडकू नका. एवढंच लक्षात ठेवा की ते दफ्तर आज ज्या रचनेत आहे, तिच्यावर इनाम कमिशनचा हात आहे. 1852च्या 11व्या कायद्याने इनामदारांना हक्क सिद्ध करायला लावले, देशमुख-देशपांड्यांच्या घरची दप्तरं गोळा झाली, आणि रुमाल, म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे, बांधले गेले ते जमिनीचा हक्क तपासायच्या सोयीने. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 पासून 45 खंडांत त्यातून राजकारणाचे कागद वेचले, आणि पुढच्या पिढ्यांना पेशवे दफ्तर म्हणजे राजकारणच वाटू लागलं. प्लेगच्या कागदांचंही तसंच आहे. हा खंड कोणत्या टेबलावर, कशासाठी बांधला गेला, हे आधी विचारलंत तर आत काय नसणार तेही कळतं.

परदेशाकडे वळतो. मी हार्वर्ड म्हणालो ते अमेरिकन मराठी मिशनमुळे. हे मिशनरी मुंबईत आले 1813 साली. पुढे अहमदनगर, आणि मग सातारा-वाईकडेही त्यांची ठाणी झाली. त्यांच्या बोस्टनच्या बोर्डाचं दप्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात आहे. मिशनरी वरिष्ठांना नियमित पत्रं पाठवत, आणि त्यांना कलेक्टरच्या आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. शाळा किती दिवस बंद राहिली, बोर्डिंगमधल्या मुली कुठे गेल्या, कोणी टोचून घ्यायला नकार दिला, अशा गोष्टी सरकारी फायलीत नसतात आणि अशा पत्रांत असण्याची शक्यता असते. त्यांचाही चष्मा आहेच: संकट आलं की धर्मांतराची आशा पालवते, आणि देणगीदारांसाठी लिहिलेल्या मजकुरात करुणा जरा जास्त असते. पण दोन वेगळे चष्मे शेजारी आले की फायदा होतो. मिशनचे वार्षिक अहवाल आणि ‘मिशनरी हेरल्ड’ हे बोस्टनचं मासिक बरंचसं ऑनलाइन आहे, ते आधी वाचा. साताऱ्यात त्या वर्षांत कोण होतं त्यांची नावं काढा आणि मगच हाउटनला लिहा. नावं आणि सालं नेमकी दिलीत तर कामाचं उत्तर येतं. ‘प्लेगबद्दल काही आहे का’ असं विचारलंत तर कॅटलॉगची लिंक येते.

लंडनचं वेगळेपण प्रोसिडिंग्जमध्ये नाही, खासगी पत्रांत आहे. तेव्हाचे भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन आणि इकडचे अधिकारी यांच्यातला खासगी पत्रव्यवहार. ठरावात जे लिहिता येत नाही ते त्यात लिहिलेलं असतं. पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा सरकारची पंचाईत झाली होती. असल्या प्रसंगी आतून काय बोललं गेलं ते पाहायला लंडन उपयोगी. पण हा तुमच्या प्रबंधाचा एखाद्या प्रकरणापुरता भाग आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिथला कॅटलॉग कित्येक महिने कोलमडला होता. तेव्हा जाण्याआधी हवे ते खंड मिळतात का हे विचारून घ्या.

फोटोंबद्दल एक इशारा. केंब्रिज विद्यापीठाने तिसऱ्या प्लेग साथीच्या जगभरच्या छायाचित्रांवर मोठा प्रकल्प केला आणि चित्रं खुली ठेवली. वेलकमकडेही मुंबई इलाख्यातले उत्तम फोटो आहेत. पण हे फोटो बहुतेक प्लेग कमिट्यांसाठी काढलेले, म्हणजे कारभार किती चोख चाललाय ते दाखवायला: ओळीत मांडलेल्या खाटा, चुना मारणारी टोळी, रांगेत उभे केलेले प्रवासी. झडती चालू असलेल्या घराच्या आतून टिपलेलं चित्र तिथे मिळणार नाही. आणखी एक: वेलकममधला 1897चा एक प्रसिद्ध अल्बम कराचीच्या प्लेग कमिटीचा आहे. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, पण म्हणून तो फोटो पुण्याचा होत नाही. समाजमाध्यमांवर फिरणारं चित्र प्रबंधात घालण्याआधी मूळ संग्रहातली नोंद उघडून गाव तपासा.

जमलं तर संस्थानांची तुलना ठेवा. औंध, फलटण तुमच्या शेजारीच, आणि कोल्हापूरसाठी शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने छापलेले राजर्षी शाहूंच्या कागदांचे खंड आहेत. इंग्रजी हद्दीतून संस्थानच्या हद्दीत माणसं पळत होती का, हद्दीवर कोण अडवत होतं, हा प्रश्न साताऱ्याइतका चांगला दुसऱ्या फारच थोड्या जिल्ह्यांत विचारता येईल. विषय नोंदवण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, तेवढं बघून घ्या, कोणी आधीच केलंय का.

कोणाच्या वाड्यात जुनं दप्तर निघालंच, तर रुमाल सोडण्याआधी तो आहे तसा फोटो काढा आणि कागदांचा क्रम मोडू नका. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. मालकांना मूळ कागद द्यायचे नसतील तर आग्रह धरू नका, चांगले फोटो आणि लेखी परवानगी पुरते. पुराभिलेखागारात फोटोची परवानगी मिळाली तर प्रत्येक कंपायलेशनच्या आधी मागणीपत्राचा फोटो घ्या, मग पानांचे. नाहीतर सहा महिन्यांनी मोबाइलमध्ये हजार पानं असतात आणि एकाचाही संदर्भ देता येत नाही.

विभागप्रमुखांचं शिफारसपत्र या आठवड्यात करून घ्या, मुंबईसाठी तेच लागेल. मिशनच्या अहवालांतून साताऱ्याची नावं काढायलाही आत्ताच बसा आणि ती हाती आली की हाउटनला ईमेल टाका. त्यांचं उत्तर, दरपत्रक आणि स्कॅन यात बराच काळ जातो, तोवर सूच्या वाचून संपतील.